कोबीच्या राजाचा कोट

शिस्तीपुढे कुठलाही मोह टिकत नाही. एलर्ट ब्रुंकेन हे वाक्य वर्षभर आम्हा सगळ्यांना ऐकवत होता, आणि ऐकवताना त्याची नजर आमच्या ताटातल्या सॉसेजवर असायची.

मूत्रपिंडं थकल्यापासून त्याच्या बायकोनं, टाल्केनं, हॅम, सलामी, सॉसेज सगळं घरातून हद्दपार केलं होतं. बटाट्यांतलं पोटॅशियमही त्याला चालत नसे, म्हणून ती ते चिरून रात्रभर भिजत घालायची, ते पाणी ओतून देऊन नव्या पाण्यात उकडायची. उरायचं त्याला बटाटा म्हणायचं.

पण फेब्रुवारीत आमच्या मंडळाची कोबीसहल येते. हातगाडीवर बाटल्या लादून वाऱ्यात बांधावरून चालायचं, मग फोल्कर्टच्या खानावळीत हिरव्या कोबीची भाजी आणि पिंकेल. चरबी आणि भरडलेले ओट भरून धुरी दिलेलं हे सॉसेज खाल्ल्याशिवाय आमच्याकडे हिवाळा संपला असं कुणी मानत नाही. जेवणाआधी आणि नंतर सगळ्यांना आहेत त्या कपड्यांत काट्यावर उभं करतात. ज्याचं वजन सगळ्यांत जास्त वाढेल, तो कोबीचा राजा.

"याला नुसते उकडलेले बटाटे दे, फोल्कर्ट," टाल्के म्हणाली. "बिनमिठाचे."

"आणि पिंकेल?"

"वाससुद्धा नको."

एलर्टनं निमूटपणे बटाटे खाल्ले, वर आणखी मागून घेतले. तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. टाल्के शेजारणीशी बोलायला वळली, की परातीतलं एक पिंकेल कागदी रुमालात गुंडाळून त्याच्या कोटाच्या खिशात जायचं. नंतर गॅरेजमध्ये दार लावून, मोहरीच्या चटणीबरोबर खायचा बेत होता. वजनाचं मात्र तो साफ विसरला.

"एलर्ट ब्रुंकेन!" अध्यक्ष काट्यापाशी ओरडले. "दोन किलो! राजा!"

टाळ्या पडल्या. राजाच्या मानाचा डुकराचा जबडा त्याच्या गळ्यात आला. टाल्के पांढरीफटक.

"बटाट्यांनी दोन किलो? अरे, तुझ्या अंगात पाणी साठलंय!"

"काही नाही गं, ठीक आहे मी."

"खरं सांग. दुसरं काही खाल्लंस?"

"शप्पथ! बटाट्यांशिवाय तोंडात काही गेलेलं नाही."

हे अगदी खरं होतं. खिसे उलटे केले असते, तर राज्यही गेलं असतं आणि पिंकेलही. म्हणून राजा जबड्यासकट माझ्या गाडीत बसला आणि इस्पितळात आला.

"कोट काढा," नर्स म्हणाली. रक्त घेतलं, वजन केलं. वजन नेहमीचंच.

कोट खुंटीवर होता, खुंटीखाली हीटर. थोड्या वेळानं खोलीत ओळखीचा वास दरवळला. टाल्के उठली, तिनं खिशात हात घातला आणि एकेक पिंकेल टेबलावर मांडलं.

"राजेसाहेब, हे काय?"

"प्रजेसाठी," एलर्ट म्हणाला.

टाल्केनं सगळी पिंकेलं नर्सच्या हवाली केली. तेवढ्यात डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. पोटॅशियम वाढलं होतं. न भिजवलेल्या बटाट्यांमुळे.