खांबासकट अटक

अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या कापडगिरणीत माग चालवणारा एनॉक हार्ग्रीव्ह रविवारी फुटबॉलचा गोल राखायचा, आणि त्या हंगामापासून त्याचे त्याला चक्क पैसे मिळू लागले होते. गिरणीत दिसला की सोबती टोचायचेच.

"काय रे एनॉक, चेंडू अडवायचे पैसे घेतोस म्हणे! मग शिंकायचे किती?"

एनॉक हसून सोडून द्यायचा, पण मनाला लागायचं. आपला खेळ हेही काम आहे, हे या लोकांनी एकदा तरी कबूल करावं, एवढीच त्याची इच्छा.

त्यात कायद्याची आडकाठी. गाव मॅसॅच्युसेट्स राज्यातलं, तिथं रविवारी पैसे घेऊन खेळायला बंदी, आणि गिरणीची सुट्टी नेमकी रविवारची. म्हणून क्लबनं हद्दीपलीकडं, शेजारच्या र्‍होड आयलंड राज्यात मैदान आखलं. आखणाऱ्यानं काय ढोसलं होतं देव जाणे, उत्तरेकडचा गोल अलीकडंच राहिला, मॅसॅच्युसेट्समध्ये!

न्यूयॉर्कवाल्यांशी सामना होता. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, एनॉक उत्तरेच्या गोलात उभा राहिला, आणि खट्! त्याच्या उजव्या मनगटात बेडी पडली. मागं हवालदार टली.

"चल चौकीवर."

"चल की! कुठून नेतोस?"

टलीनं पाहिलं. पुढं र्‍होड आयलंड, तिथं त्याचा अंमल नाही. मागं बघ्यांची हजारोंची गर्दी, वाट द्यायला एकही पाय हलवेना. शेवटी त्यानं बेडीचं दुसरं टोक गोलाच्या खांबाला अडकवलं.

"सामना संपेपर्यंत थांबतो. किल्ली चौकीतच राहिलीय."

"अरे बाबा, एका हातानं गोल राखू?"

"पगार घेतोस ना? राख!"

आणि एनॉकनं राखला. डाव्या हातानं, गुडघ्यानं, एकदा तर कपाळानं. आपला संघ एका गोलानं पुढं होता. शेवटच्या मिनिटाला न्यूयॉर्कला पेनल्टी मिळाली. त्यांच्या गड्यानं चेंडू हाणला तो पार लांबच्या कोपऱ्यात. एनॉकनं अशी झेप घेतली की खांब मुळासकट उपटून त्याच्यामागं निघाला! बोटांची टोकं लागली, चेंडू बाहेर गेला, आणि आडवी फळी टलीच्या टोपीवर आदळली.

मग खांब खांद्यावर घेऊन एनॉक चौकीकडं निघाला. मागं अख्खं गाव. पेनल्टी मारणारा तो न्यूयॉर्कचा गडीसुद्धा खांबाला हात देत होता.

सोमवारी गिरणीला दांडी मारून सगळे सोबती कोर्टात हजर. न्यायाधीश तसे भले गृहस्थ.

"हार्ग्रीव्ह, पैसे घेतले नाहीत, मौजेखातर खेळलो, एवढं म्हण आणि सुखानं घरी जा."

एनॉक ताठ उभा राहिला. गुडघे सुजलेले, कपाळावर टेंगूळ.

"मौज कसली साहेब? घाम गाळला, पैसे घेतले. पुढंही घेणार. मी धंदेवाईक फुटबॉलपटू आहे."

मग मागच्या बाकावरचा, तो शिंकांचा भाव विचारणारा, उठून उभा राहिला. त्यानं टोपी काढली. पाठोपाठ सगळा बाक उठला. कोणी टाळी वाजवली नाही, नुसते टोप्या हातात धरून उभे राहिले. एनॉकला एकदम खाली बघावं लागलं.

न्यायाधीश खाकरले. "नाइलाज आहे. आठ दिवस कोठडी."

"आठ?" टली ओरडला. "सहाच द्या, साहेब! रविवारी बोस्टनवाले येतायत!"