मसाजवालीचे बारा पायजमे

टेलर मास्तरांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: एक स्वतःची टेप आणि दुसरा स्वतःचा डोळा. बाकी जगात कुठे ना कुठे पाणी मुरतंयच, असं त्यांचं ठाम मत होतं. दूधवाला वेळेवर आला तरी यांना शंका, की आज याला एवढी घाई कसली? गिऱ्हाइकाने शिवणीचं तोंडभरून कौतुक केलं, की हे आधी कपाटातले तागे मोजून घेणार. तेव्हा समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ‘थाई मसाज’ अशी पाटी लागली आणि ते चालवणारी बाई स्वतः जिना उतरून बारा सैल पायजमे शिवायला सांगायला आली, त्या दिवशी मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली नसती तरच नवल.

“मसाजला पायजमे कशाला लागतात?” त्यांनी सरळच विचारलं.

“आमच्याकडे कपडे घालूनच मसाज करतात, मास्तर. तेलबिल काही नाही. जमिनीवर गादी घालायची, माणसाला तिच्यावर झोपवायचं आणि दाबायचं, ताणायचं. गुडघा छातीला लागला तरी कापड कुठे अडकायला नको. म्हणून सैल.”

कपडे घालून मसाज, तोही तेलाशिवाय! मास्तरांना हे काही केल्या पटेना. पण काम चालून आलं होतं आणि आलेलं काम परत पाठवायची त्यांची रीत नव्हती. फक्त त्यांनी बायकोला याचा थांगपत्ता लागू दिला नाही. तिची कंबर दोन वर्षांपासून धरलेली. तिला नुसती कुणकुण लागली असती तरी ती पहिल्याच दिवशी वर जाऊन गादीवर आडवी झाली असती, आणि तिथे पडद्याआड काय चालतं ते कुणाला ठाऊक! एरवी दुकानातलं प्रत्येक कापड तिच्या हाताखालून जायचं. काज-बटणं, दुमड, इस्त्री, सगळं आतल्या खोलीत ती करायची. पण ती चार दिवस बहिणीकडे गेली, तेवढ्यात मास्तरांनी बाराच्या बारा पायजमे एकट्याने कापले, शिवले आणि पोचते केले.

आता मास्तर स्वतःही काही कमी लपवाछपवी करत नव्हते. थंडीपासून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली होती. आधी मुंग्या यायच्या, मग बोटं लाकडासारखी व्हायची आणि हातातली कात्री खाली पडायची. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडे गेलं की तो कापाकापीचीच भाषा करणार, याची त्यांना खात्री होती. आणि शिंप्याचा हात गेला हे गल्लीत कळलं, तर दुकानाला कुलूपच. दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि या वयात शिकवणारं कुणी नव्हतं. रात्री कूस बदलताना ते स्वतःची समजूत घालायचे, की बोटं बधिर झाली तरी डोळा शाबूत आहे. इतक्या महिन्यांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही, म्हणजे कापणं अजून सुतात आहे.

बायको परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती मसाजवाली बाई दारात उभी राहिली. बायको आत इस्त्री करत होती.

“मास्तर, पायजम्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं अरुंद झालाय.”

“कुठल्या पायजम्याचा?”

“सगळ्याच.”

माल परत करायचा डाव, मास्तरांनी मनात म्हटलं. एक बिघडला असता तर समजू शकलो असतो, बाराही कसे बिघडतील? पण आतली इस्त्री थांबली होती, म्हणून त्यांनी आवाज खाली घेतला. “तुम्ही व्हा पुढे, मी येऊन बघतो.” मग आत डोकावून बायकोला म्हणाले, “घरी जाऊन जरा पडतो गं.” टेप खिशात घालून ते निघाले आणि इकडेतिकडे बघत समोरचा जिना चढले.

वर त्यांना वाटलं होतं तसं काहीच नव्हतं, आणि त्यामुळे ते आणखीच सावध झाले. स्वच्छ खोली, खिडकी सताड उघडी, जमिनीवर चार गाद्या. पडदे होते, पण गुडघ्याच्या वर संपणारे. एका गादीवर एक म्हाताऱ्या बाई घोरत होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. खरंच झोपल्या होत्या.

“एक घालून बघा, म्हणजे माझं म्हणणं कळेल,” बाई म्हणाली. “पण आधी सांगा, बीपी? हाडं ठिसूळ? अलीकडे ऑपरेशन वगैरे? काही गोळ्या चालू?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“यातलं काही असलं तर जपून करावं लागतं, नाहीतर मी हातच लावत नाही.”

माहिती काढून घेतेय, मास्तरांना वाटलं. त्यांनी सगळ्याला “नाही” म्हणून टाकलं आणि आडोशाला जाऊन स्वतः शिवलेला पायजमा चढवला. उजवा पाय ढगळ होता आणि डावा मांडीला घट्ट बसत होता. त्यांनी नाडी पुन्हा बांधून बघितली, पायजमा फिरवून बघितला. काही फरक पडला नाही.

“आता झोपा, अंग ताणल्याशिवाय कळायचं नाही,” म्हणत बाईने त्यांना उताणं झोपवलं आणि तळव्यांपासून सुरुवात केली. अंगठ्याने, मग पंजाने, मग पोटऱ्यांवर कोपराचा भार टाकून. “दुखलं तर सांगायचं, सहन करत बसायचं नाही.” दुखत होतं, पण हवंहवंसं दुखत होतं. शिवणयंत्राचं पायडल मारून मारून दगड झालेल्या पोटऱ्या सैल पडत होत्या. मास्तर डोळे मिटणार नव्हते. दोनदा मिटले, आणि दोन्ही वेळा ते दचकून जागे झाले. मग बाईने त्यांचा डावा गुडघा वाकवून हळूहळू छातीकडे नेला, आणि पायजम्याची आसनाची, बुडाखालची शिवण टर्रकन फाटली.

गादीवरच्या म्हाताऱ्या बाई जाग्या झाल्या. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते उठून बसले, टेप काढली आणि पायजम्याचे दोन्ही पाय मोजले. दोन बोटांचा फरक. पुन्हा मोजले. मग दुसरा पायजमा मागून घेतला, मग तिसरा. एकदा तर त्यांनी टेपच उलटसुलट करून बघितली, की हीच कुठे ताणली गेली नसेल ना? बाई जवळ सरकून बसली. तिने त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि तळवा दाबायला सुरुवात केली. मास्तरांचं लक्ष पायजम्यात होतं.

“हे लागतंय?” तिने विचारलं.

“काय?”

मास्तरांनी खाली बघितलं. तिने त्यांच्या अंगठ्याच्या टोकात नख रुतवलं होतं. खोलगट खूण उमटली होती.

“कधीपासून आहे हे?”

“कालपासून.”

“मास्तर, अंगठ्याच्या बुडाचं मांस बसलंय. दुसऱ्या हाताशी ताडून बघा. हे कालचं नाही.”

मास्तरांनी हात मागे ओढला. आता ही म्हणणार की दहा वेळा या, वीस वेळा या, हात ठणठणीत करून देते. ते त्या वाक्याची वाटच बघत होते. ते एकदा आलं, की हिचा खरा रंग कळला असता आणि त्यांना खाली जाता आलं असतं.

“मी याला हात लावणार नाही,” बाई म्हणाली. “आखडलेलं अंग मोकळं होतं, पाठीला आराम पडतो, झोप छान लागते, एवढं मी सांगू शकते. पण बधिर बोटं मी बरी करते म्हटलं तर ते खोटं होईल. नस कुठे दबलीय ते डॉक्टर बघेल, मनगटात असेल नाहीतर मानेत. मान तर मी मुळीच ताणणार नाही. आधी त्यांच्याकडे जा, आणि उशीर करू नका.”

समोर आलेलं गिऱ्हाईक तिने स्वतःहून परत पाठवलं होतं. मास्तरांना यात संशय घ्यायला काही सापडेना, आणि तेव्हा कुठे ते खरे घाबरले. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते नुसते बघत राहिले. उजवा पंजा खरंच सुकल्यासारखा दिसत होता. इतके दिवस तो आपल्याला कसा दिसला नाही, हे त्यांना कळेना.

कपडे बदलून, बाराही पायजमे बगलेत मारून ते जिना उतरायला लागले आणि मधल्याच पायरीवर थांबले. बाराही पायजमे वाकडे. म्हणजे आपण आता वाकडंच कापतो. मग थंडीपासून एवढ्या पँटी, एवढे कोट गेले, त्यातला एकही परत कसा आला नाही? गिऱ्हाइकं काय आंधळी होती? जन्मभर दुसऱ्यांवर घेतलेला संशय आता त्यांच्या स्वतःच्याच मानगुटीवर बसला होता.

ते आवाज न करता दुकानात शिरले आणि आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले.

टेबलावर त्यांनी सकाळी कापलेली पँट पसरलेली होती. तिच्यावर खडूची नवी रेघ ओढलेली होती आणि बायको त्या रेघेवरून कात्री चालवत होती. तिने वर बघितलं. ती दचकली, पण कात्री तिने लपवली नाही.

“हे काय चाललंय?”

“डावा पाय आत गेलाय. सरळ करतेय.”

“माझं कापलेलं तू कापतेस?”

“तुम्ही शिवणीला मायेचं जास्तीचं कापड भरपूर सोडता, त्यात बसवून घेते. तुम्ही दुपारी पडायला जाता तेव्हा.”

“कधीपासून?”

“तुमच्या हातून कात्री पडायला लागली तेव्हापासून.”

मास्तरांची कानशिलं तापली. चाळीस वर्षांच्या कारागिराच्या मागे त्याचीच बायको खडू घेऊन फिरते! “मला सांगितलं का नाहीस?” ते ओरडले.

“तुम्ही सांगितलंत मला?”

बायकोने कात्री खाली ठेवली. “मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही दुकानच बंद कराल. मग काय करणार होतात हो, दिवसभर घरात बसून?” तिचं लक्ष त्यांच्या बगलेकडे गेलं. “आणि हे काय आणलंय?”

“पायजमे. समोरच्या मसाजवालीचे. तू बहिणीकडे होतीस तेव्हा कापले.” मास्तरांनी ते टेबलावर टाकले. “बाराही बिघडलेत. तू नव्हतीस ना.”

बायकोने एक उचलून उजेडात धरला, फाटलेली शिवण बघितली आणि घडी घालून ठेवला. मग मास्तरांनी उजवा हात तिच्यासमोर धरला.

“दाब बघू.”

तिने त्यांची बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली आणि दाबली, जोरात दाबली. इतकी, की तिची नखं पांढरी पडली. मास्तरांना ते नुसतं दिसत होतं.

“मला भीती वाटते गं,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“वाटणारच,” बायको म्हणाली. “चला, डॉक्टर आत्ता असतील.” तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, चपला घातल्या आणि दुकानाचं शटर स्वतःच खाली ओढलं.