झुलालची टोपी

त्या दुपारी ताईबाई आपल्या मुलासाठी, झुलालसाठी टोपी शिवत होती. झुलाल वाढला, पण त्याचं डोकं लहानच राहिलं. दुकानातली टोपी त्याच्या भुवयांवर यायची.

"मान हलवू नको, राजा," माप घेताना ती म्हणाली. त्याने हसत मान हलवलीच. माहेरपणाला आलेली त्याची बहीण लता शेजारी शेंगा सोलत होती.

तेवढ्यात काकू वच्छलाबाई आली. "गिरानमा इळी धरी, म्हनीसन हाई ध्यान पैदा व्हयनं!" गरोदरपणी ग्रहणात विळीवर बसलीस, त्याचं हे फळ, हे तिचं नेहमीचं बोलणं.

ताईबाईने दातांनी दोरा तोडला. लता नेहमीसारखी शेंगाच सोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईबाई उठलीच नाही.

दहाव्याला पांझरा नदीकाठी न्हावी वस्तरा परजत बसला, तेव्हा काकूने आपला मुलगा लोटन पुढे केला. लोटन झुलालच्याच वयाचा.

"पिंड लोटन दी. याचं डोकं भादरलं तं बठ्ठा गाव देखी!"

"नारळाएवढं निघेल," मागून कुणी म्हणालं. माणसं हसली. ताईबाईच्या हातचे मांडे खाल्लेली हीच तोंडं! लताला शिसारी आली.

गल्लीतले डॉक्टर बन्सीलाल पुढे झाले. "वच्छलाअक्का, मेंदू वाढतो तसं डोकं वाढतं. याचा मेंदू पोटातच कमी वाढला. कधी गरोदरपणातल्या आजाराने असं होतं, कधी ते रक्तातूनच येतं, कधी आम्हालाही कारण सापडत नाही. पण ग्रहणाचा नि विळीचा काही संबंध नाही!"

"आमनी मायनी सांगेल शे," काकू आपल्या आईचा हवाला देत ठसक्यात म्हणाली.

लोटन डोकं खाजवत होता. "पन माय, त्या गिरानमा इळीवर वांगा तं तुम्ही दोन्ही जनीस्नी चिऱ्यात, तूच सांगस ना? तवय मी बी तुन्हा पोटमा व्हतू."

काकूचा चेहरा उतरला. "मी... मी उन्हाले पाठ करी व्हती."

आता लोक तिला हसले. तेही हसणं लताला तितकंच ओंगळ वाटलं.

काकू मात्र हसणाऱ्यांकडे बघतच राहिली. ताईबाई जन्मभर काय ऐकत आली, ते तिला त्या क्षणी कळलं असावं. ती उठली, झुलालच्या डोक्यावरची नवी टोपी तिने अलगद काढली आणि त्याची हनुवटी धरून त्याला न्हाव्यासमोर बसवलं.

"मान हलावू नको, राजा."

वस्तरा फिरला. ते लहानसं डोकं उन्हात उघडं झालं. कुणी हसलं नाही. झुलालने आईला पिंड दिला.

बंधुभगिनींनो, मूल असं का जन्मलं ते डॉक्टरांना विचारा. आईकडे बोट दाखवू नका! आणि दुसरा कुणी दाखवत असेल, तर शेंगा सोलत बसू नका.

लता नदीकडे तोंड करून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आई, तुझं काहीच चुकलं नव्हतं!"