वगदीच्या गाडीची उजवी बाजू

वगदीने जर्मन गाड्यांची तारीफ केली त्याच शुक्रवारी माझ्या मनात पाल चुकचुकली.

नमाज उरकून आम्ही तिघं अलेक्झांड्रियाच्या इब्राहिमिया भागातल्या नेहमीच्या कॅफेत बसलो होतो. डॉक्टर मुनीर, म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक, आपल्या फ्रेंच गाडीच्या मऊ सीटचं कौतुक सांगत होता.

"मऊच असणार," मी म्हटलं. "अर्धं आयुष्य मेकॅनिकच्या दारात बसून काढायचं असतं ना!"

आता वगदी आपल्या जपानी गाडीचं पुराण लावणार म्हणून मी खुर्चीत मागे रेललो. तर हा पठ्ठ्या चहातला पुदिना ढवळत म्हणाला, "खरं सांगू? जर्मनच बरी. काही जवळ आलं की टीं-टीं करून सांगते तरी."

टीं-टीं! असल्या गाड्यांना हाच माणूस आजवर 'नवशिक्यांची दाई' म्हणायचा. मुनीरने माझ्याकडे पाहिलं. मी वगदीकडे पाहिलं. तो कपात बघत म्हणाला, "लुत्फी, माझी गाडी घेतोस? बाहेरच्याला द्यायची नाही मला."

ही गाडी मी किती वर्षं मागत होतो! सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक त्याने अजून काढलेलं नाही. रंग तर आतबाहेर फाब्रिका, म्हणजे कारखान्यातून आला तोच. आमच्या अलेक्झांड्रियात रंगाऱ्याचा हात लागलेल्या गाडीला कोणी विचारत नाही. ओरखडा आला तर तो तसाच मिरवायचा, पण वर रंग चढवायचा नाही. मी विचारलं की वगदीचं उत्तर ठरलेलं, "माझी मयत उठल्यावर बघ." आणि आज स्वतःहून देतोय? गाडी मला हवीच होती. पण शाळेपासूनचा मित्र आपल्याला फसवतोय की काय, हे त्याहून जास्त टोचत होतं.

मी काही न बोलता त्याच्यापुढे हात केला. आमच्यात हातात हात घेऊन कुराणातली फातिहा म्हटली की सौदा पक्का. मी त्याच्या उजवीकडे बसलो होतो. त्याने माझ्या हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही, शांतपणे चहाचा घोट घेतला.

मुनीर माझ्या कानाशी आला. "हात धरला नाही. खोटी फातिहा म्हणायला घाबरला लेकाचा. पाणी मुरतंय कुठेतरी."

मी उठून बाहेर गाडीपाशी गेलो, मुनीर मागोमाग. रुमालात बांधलेला लोहचुंबक खिशात होताच. पोचा बुजवायला रंगाखाली भरलेल्या लांबीवर तो चिकटत नाही. गाडीची डावी बाजू आरशासारखी निघाली. उजवीकडे गेलो आणि थबकलो. बाहेरच्या आरशाला तडा, दोन्ही दारांवर लांबच लांब ओरखडे, मागच्या चाकावरच्या पत्र्याला पोचा. सगळं ताजं.

"ठोकलीय," मुनीर म्हणाला. "आणि आता तुझ्या गळ्यात मारतोय."

माझं डोकं फिरलं. "वगदी! ही उजवी बाजू कोणी खाल्ली?"

"आमची गल्ली अरुंद आहे, बाबा."

"डावीकडून रुंद आहे का मग?"

तो पुन्हा चहातला पुदिना ढवळायला लागला. खोटं बोलताना तो लहानपणीही असाच हाताला चाळा लावायचा. मी म्हटलं, "चालवून दाखव. चासी वाकली असेल तर कळेलच." तो जरा घुटमळला, पण मुनीर हसतोय म्हटल्यावर ताडकन जाऊन स्टिअरिंगवर बसला. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून मी त्याच्या उजवीकडे.

आम्ही कॉर्निशला, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो. समुद्र उजवीकडे. मी कान लावून बसलो होतो, पण कसला खडखडाट नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही. चोर सापडत नाही म्हणून मी आणखीच चिडलो. तेवढ्यात पुढे कडेला तिरमिसचे उकडलेले दाणे विकणाऱ्याची हातगाडी दिसली. वगदी सरळ तिच्याकडे निघाला. मला वाटलं, आता वळवेल. त्याने वळवलीच नाही.

"वगदी, उजवीकडे बघ!"

मी स्टिअरिंग खेचलं. आरसा हातगाडीला घासला, दाणे रस्त्यावर सांडले आणि तिरमिसवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याची समजूत काढून मी परत आत बसलो. वगदी समोर बघत होता. मी हळूच त्याच्या उजव्या डोळ्याजवळ बोटं नेली. पापणी लवली नाही.

"कधीपासून?"

"रमजानच्या आधीपासून," तो म्हणाला. "डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, हा गेला. डावा टिकला तर टिकला."

"गाढवा, मला नाही सांगायचं?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असतीस." त्याने स्टिअरिंगवरून हात फिरवला. "बाहेरच्याला विकली की गेलीच ती. तुझ्याकडे राहिली तर शुक्रवारी कधीतरी बसवशील म्हटलं."

मला स्वतःची इतकी शरम वाटली की काय सांगू. कॅफेत त्याने माझा हात झिडकारला नव्हता. त्याला तो दिसलाच नव्हता आणि मी त्याच्यात भामटा शोधत बसलो होतो.

आम्ही जागा बदलल्या. परत येईपर्यंत तो माझ्या क्लचला शिव्या घालत होता.

कॅफेपुढे मुनीर खिडकीत वाकला. "काय निघालं?"

मी वगदीकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"काही नाही, फाब्रिका आहे," मी म्हटलं. "उजवी बाजू मीच घासलीय. गेल्या आठवड्यात मागून नेली होती तेव्हा, आणि मला कळलंही नाही. बिचारा मला सांभाळून घेत होता."

"तू?" मुनीर इतका मोठ्याने हसला की आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. "चुंबक घेऊन फिरणारा उस्ताद लुत्फी?" आता वर्षभर मला हे ऐकावं लागणार होतं.

"गिअर टाकताना बघायला हवा होतास याला, डॉक्टर," वगदी म्हणाला. "माझं काळीज तुटत होतं."

मी त्याच्यापुढे हात केला. या वेळी मी स्टिअरिंगवर, त्याच्या डावीकडे बसलो होतो. त्याने तो लगेच धरला.