खंडेनवमीला निजवलेली पेटी

कोळसा जाळायचा नाही आणि वीज मात्र काढायची, हे सोपानरावांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. उभी हयात भोसरीच्या फाउंड्रीत भट्टीपुढे गेलेली. तिथं कोळसा जळायचा आणि माणसंही जळायची. त्यांचे दोन जिवलग सोबती खोकून खोकून गेले. फाउंड्री बंद पडल्यावर चाकणच्या एका छोट्या कंपनीत ते ऑपरेटर म्हणून लागले, आणि तिथं त्यांना दिव्या भेटली.

दिव्या लातूरकडची, मारुंजीत खोली घेऊन राहणारी इंजिनिअर. तिनं न कंटाळता समजावलं. बेताची हवा आणि वाफ देऊन कोळसा तापवला की त्याचा गॅस होतो. त्यातलं गंधक, धूळ काढून टाकायची आणि तो पेटीत सोडायचा. पेटीत सिरॅमिकच्या पातळ चकत्यांची चळत, लालबुंद तापलेली. तिथं गॅस जळत नाही, पण वीज देतो. तेवढ्याच कोळशात जास्त आणि जवळजवळ बिनधुराची. तिचं नाव फ्युएल सेल. सोपानराव आपले पेटीच म्हणत. पहिला दिवा लागला तेव्हा डोळ्यांत कचरा गेल्याचं निमित्त करून ते बाहेर जाऊन उभे राहिले होते.

दसऱ्यानंतर पैसे लावणारे पाहुणे यायचे होते. पेटी चालली तर मोठं यंत्र उभं राहणार. नाही तर शेडला टाळं. दिव्यानं चार वर्षं त्या पेटीपायी घालवली होती.

खंडेनवमीला शेड धुऊन निघाली. पूजा झाली, पेढे वाटले गेले. "गॅस बंद केला तरी चालेल, काका," म्हणून दिव्या निघाली. पेटीबद्दल ती बोलली नाही. ती तापलेलीच ठेवायची, हे तिच्या लेखी इतकं उघड होतं की सांगायचं सुचलंच नाही.

सगळे गेले. सोपानरावांनी गॅस बंद केला, पाने-हातोड्यांना हळद-कुंकू लावलं आणि पेटीपुढे आले. ती अजून गुणगुणत होती. खंडेनवमीला यंत्रानं काम करायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. बिचारी महिनोन्महिने जागी, एक दिवस तरी निजू दे! त्यांनी तिला तापती ठेवणाऱ्या हीटरचं बटण बंद केलं. झेंडूची माळ करपू नये, पेटी लवकर निवावी म्हणून वरचं जाड आवरण काढलं आणि मोठा पंखा लावून दिला. ती निवल्यावर माळ घालून, हात जोडून ते समाधानानं निगडीला घरी गेले.

दसऱ्याला सकाळी ते मुद्दाम आले. दिव्या आधीच आली होती. पेटीवर हात ठेवून ती नुसती उभी होती.

"काका, ही गार कशी?"

"म्या निजवली तिला," सोपानराव कौतुकानं म्हणाले. "खंडेनवमी व्हती न्हवं? आता उठवू की."

दिव्या स्टुलावर बसली. मग हळूच म्हणाली, "हिला थंड करायलाही दोन दिवस लागतात, काका. एकदम गार झाली की चकत्या तडकतात."

"सांधता येत्याल की?"

"नाही हो. आणि दुसरी चळतही नाही आपल्याकडे."

सोपानरावांनी धावत जाऊन पंखा बंद केला. आपल्या हातानं आपण काय करून बसलो! तेवढ्यात मॅनेजर शेखर आले, पंख्याकडे आणि उघड्या पेटीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुणी बंद केलं?"

सोपानरावांनी तोंड उघडलं, पण दिव्या आधी बोलली.

"मी सांगितलं होतं काकांना."

"तू? उद्या पाहुणे येणार आणि तू बंद करायला सांगितलंस?" शेखर तिच्याकडे बघतच राहिले. मग सोपानरावांकडे वळले. "खरं का हो?"

निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. घरी धाकटीचं लग्न ठरलेलं. दिव्या त्यांच्याकडे बघत नव्हती. तिनं मान खाली घातली होती. एक शब्द बोलायचा होता, फक्त एक. तोही सोपानरावांच्या तोंडून भलताच निघाला.

"व्हय," ते म्हणाले.