अदितीच्या मापाची खुर्ची

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे, पण घरी पाहुणे आले की मला कुणी "बसा" म्हणून पुढे सरकवत नाही. उलट भिंतीकडे ढकलतात. माझ्या छातीशी पट्टा आहे, मांड्यांवर पट्टे आहेत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या आणि पायांखाली फळी. येणारा जाणारा मला बघतो आणि विचारतो, "काहून बापा, पोरीले बांधून ठेवता?" बांधून नाही हो, सावरून! पण लाकडाचं बोलणं ऐकतो कोण?

माझा जन्म अकोल्याचा, जठारपेठेतला. देवराव मिस्त्रींनी जन्मभर पलंग आणि दिवाण केलेले, त्यामुळे मी पहिल्यांदा तयार झाले ती एखाद्या पाटलानं ऐसपैस बसावं एवढी. रमा मॅडम अदितीला व्यायाम शिकवायच्या. त्यांनी मला पाहून कपाळावर हात मारला. "मिस्त्री, चार वर्षांची पोर बसायची आहे, तिचे आजोबा नव्हे!" मग मला कापलं, तासलं, पाठ ताठ केली आणि जुन्या जीपचे पट्टे लावले. अदितीच्या आईनं, पौर्णिमानं, लेकीला माझ्यात बसवलं. कुणाच्या मांडीचा आधार न घेता अदिती पहिल्यांदा बसली. तिचा बाप नितेश मोबाइल दुरुस्तीचं दुकान उघडं टाकून धावत आला आणि नुसता "बसली! बसली!" म्हणत राहिला. तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

अदितीला सेरेब्रल पाल्सी आहे. तान्हेपणी मेंदूला इजा झाली, तेव्हापासून अंग तिचं ऐकत नाही. हात घासाकडे न्यावा तर तो कानामागे जातो. जितकं मनापासून काही करायला जावं तितका अंगाला पीळ पडतो. गिळताना ठसका लागतो, अन्न श्वासनळीत जातं, छाती भरते, आणि मग दवाखाना. कधी झटके येतात. तेव्हा भराभर पट्टे सोडून तिला कुशीवर निजवावं लागतं. पोट साफ होत नाही, शांत झोप नाही, आणि कानांनी ऐकूही येत नाही. एवढं असून पोर महा चलाख! कोण खरं हसतं आणि कोण उगाच चुचकारतं, ते तिला बरोब्बर कळतं. "मंद हाये का?" असं तिच्या तोंडावर विचारणाऱ्यांना मला लाथ मारता आली असती तर फार बरं झालं असतं. चार पाय असून उपयोग काय?

एकदा नितेशनं माझ्यासमोरच रमा मॅडमना विचारलं, "मॅडम, सासूबाई म्हणतात, पौर्णिमानं पोटुशी असताना ग्रहणात काकडी चिरली म्हणून असं झालं. खरं आहे का?"

"काकडीनं काय घोडं मारलंय?" मॅडम म्हणाल्या. "कुणी फार लवकर जन्मतं, कुणाला जन्मताना श्वास मिळत नाही, कुणाच्या मेंदूपर्यंत आजार पोचतो. पुष्कळदा कारण सापडतही नाही. अदितीचं मात्र सापडलं आहे. तान्ह्या बाळाची कावीळ बहुतेक वेळा आपली आपण उतरते. पण आईचा रक्तगट ओ आणि बाळाचा बी असला, तर कधीकधी ती झपाट्यानं चढते आणि मेंदूला इजा करते. वेळेवर दवाखान्यात नेऊन, कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्यांखाली ठेवलं असतं, तर..."

पौर्णिमा पदराशी चाळा करत खाली बघत बसली. आपली पोर वेळेवर दवाखान्यात का पोचली नाही, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

पौर्णिमाचं माहेर शेंदूरजनाघाटचं. संत्र्याची बाग, खाऊनपिऊन सुखी घर. तिची आई गोदाबाई काविळीची माळ देते. एका झुडपाच्या ओल्या काड्या दोऱ्यात गुंफायच्या आणि ती माळ रोग्याच्या गळ्यात घालायची. माळ लांबत जाते, तशी कावीळ उतरते, अशी लोकांची श्रद्धा. पार चांदूर बाजारहून माणसं येत. गोदाबाईनं कधी कुणाकडून रुपया घेतला नाही. मोठी माणसं बहुधा आपोआप बरी होत आणि माळेला नाव मिळे. अदिती तिथंच जन्मली, पिवळी पडली, आणि आजीनं स्वतःच्या हातानं नातीला माळ घातली. माळ छान बेंबीपर्यंत लांबली. सगळे निर्धास्त झाले. तोवर लेकरानं अंगावर पिणं सोडलं होतं, आणि किंचाळत पाठीची कमान करायला लागलं होतं. मग अमरावतीचा दवाखाना, पण उशीर झाला होता.

ती कावीळच मेंदूला भिडली, हे गोदाबाईला कुणीच सांगितलं नाही. पौर्णिमानं सांगू दिलं नाही. "आईले समजलं तर ते जीव देईन," असं ती नितेशला म्हणे. म्हणून काकडीचा बोल तिनं वर्षानुवर्षं मुकाट सोसला. मित्रांनो, मला तिचा राग यायचा आणि दयाही यायची.

मग पौर्णिमाला पुन्हा दिवस गेले. बाळंतपणाला ती माहेरी आली, अदिती आली, आणि टेम्पोत आडवी पडून मीही आले. मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आला तेव्हा गोरापान होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पौर्णिमानं त्याच्या कपाळावर बोट दाबून पाहिलं. पिवळं. छाती पिवळी. दुपारपर्यंत तळपायसुद्धा पिवळे झाले, आणि लेकरू दूध ओढेना, नुसतं झोपाळून पडू लागलं.

मी भिंतीशी होते आणि समोर ओसरीवर गोदाबाई काड्या गुंफत बसली होती. माझ्या लाकडाला घाम फुटायचा तेवढा बाकी होता. पुन्हा तेच! अगं, कुणीतरी थांबवा तिला! माझ्यात बसलेल्या पोरीकडे बघा एकदा! पण माझा आवाज कुणाला जाणार?

पौर्णिमा बाळाला छातीशी धरून उंबऱ्यात आली. "आई, माळ नको करू. आमी अमरावतीले जाऊन राहिलो."

"येडी झाली का व? उद्या पाचवी हाये. सटवाई नशीब लिहायले येते. त्याच्या आंधी ओली बाळंतीन उंबरा ओलांडते का?"

"मग अदितीचं नशीब कोनं लिहिलं?"

"ग्रहनात सुरी कोनं धरली होती?"

पौर्णिमानं बाळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पुन्हा गिळेल, पुन्हा गप्प बसेल, आणि संपलं सगळं.

"सुरीनं नाई झालं, आई. काविळीनं झालं. तुह्या माळेच्या भरवशावर बसलो आपन, मनून झालं."

"माळ वाढली होती!" गोदाबाई ओरडली. "बेंबीपर्यंत आली होती! म्या या डोयानं पाह्यली."

"माळ वाढली, कावीळ नाई उतरली. काड्या वाळल्या का बारीक होतात, गाठी सैल होतात, मनून माळ लांबते. त्या टायमाले मले कुठं ठाऊक होतं? आता हाये. आई, मी तुह्या पाया पडतो, मले जाऊ दे."

गोदाबाईच्या मांडीवरच्या काड्या घरंगळल्या. मग ती हळूच म्हणाली, "इतके वर्सं काहून नाई सांगितलं मले?"

"तू मरून गेली असती, मनून."

आजोबा, खुशालराव, दाराशी खांबासारखे उभे होते. गोदाबाई एकदम त्यांच्यावर कडाडली, "उभे काहून राहिले तोंड पाहत? गाडी काढा न लवकर!"

गाडी गेली. नितेश अकोल्याहून परस्पर अमरावतीला निघाला. घरात उरलो आम्ही तिघी. संध्याकाळी फोन आला. बाळ निळ्या दिव्यांखाली आहे, कावीळ फार चढली होती, आणखी थांबले असते तर अवघड होतं. आता उतरायला लागली आहे आणि त्यानं थोडं दूध घेतलं. गोदाबाईनं फोन ठेवला आणि ओसरीच्या कडेला बसून रडली. एक नातू वाचला, त्याचा आनंद होता तो, आणि एक नातही या इजेतून अशीच वाचली असती, त्याचा आकांत.

अदितीला भूक लागली होती. गोदाबाईनं खिचडी कुसकरली, वाटी घेऊन आली, पण समोर बसायचं धाडस तिला होईना. उभ्याउभ्याच माझ्या बाजूनं घास पुढे करू लागली. अदितीला नजर वर उचलता येत नाही. त्या काविळीनं तेही नेलं. उभ्या माणसाचं तिला तोंडच दिसत नाही. तिनं घास घेतला नाही. आजी कुठं आहे, म्हणून कण्हू लागली. मी मनात विनवत होते, बस गं बाई, खाली बस!

शेवटी गोदाबाई माझ्या पायफळीपाशी जमिनीवर बसली आणि चेहरा वर केला. अदितीनं तिला पाहिलं. ती हसली, आणि घासासाठी तोंड उघडून थांबली.

"खाय, माय माही," गोदाबाई म्हणाली. हुंदके देत देत ती भरवत राहिली.

मित्रांनो, तान्हं बाळ पिवळं दिसलं, सुस्तावलं, दूध ओढेनासं झालं, तर पाचवीची वाट पाहू नका, माळेचीही पाहू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा. अदिती आता वाढते आहे, लवकरच माझ्यात मावणार नाही. मग लोक म्हणतील, खुर्ची चांगली आहे, दुसऱ्या एखाद्या लेकराला द्या. जरूर द्या, मी त्यालाही सावरून धरीन. फक्त ते लेकरू कुणाच्या उशिरामुळं माझ्यापर्यंत येऊ नये.