पिवळ्या हॅटची सावली

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. मेम्फिस शहरातल्या मॅग्नोलिया थिएटरमध्ये मी टांगलेला आहे आणि माझा सगळा जन्म लोकांकडे तोंड करून गेला आहे. लोकांना वाटतं, ते मला बघायला येतात. खरं तर मीच त्यांना बघत असतो. सिनेमाचा उजेड मला अंगावर जाणवतो, पण त्यातलं चित्र मला दिसत नाही. सिनेमा कसा आहे, हे मी समोरच्या चेहऱ्यांवरून ओळखतो आणि त्यात माझी सहसा चूक होत नाही.

एका कारखान्यात जाड कापड ताणून, त्यावर रंगाचे थर चढवून मला घडवलं. मग माझ्या अंगभर सुईच्या टोकाएवढी भोकं पाडली. तेव्हा मला फार राग आला होता. पण माझ्या पाठीमागे मोठे कर्णे ठेवलेले असतात आणि त्यांचा आवाज या भोकांतूनच तुमच्यापर्यंत पोचतो, हे कळल्यावर राग निवळला. शहरातला सगळ्यात मोठा पडदा म्हणून माझं कौतुक व्हायचं आणि मीही फुशारून जायचो.

माझ्यासमोर खाली गोरे लोक बसत. काळ्या लोकांना पुढच्या दारातून येण्याची बंदी होती. थिएटरच्या बाजूच्या गल्लीत एक लोखंडी जिना होता, तो चढून त्यांनी बाल्कनीत बसायचं. आज बाल्कनी म्हणजे मानाची जागा. तेव्हा ती पार छताखाली होती, उन्हाळ्यात तिथे माणूस शिजून निघे.

पण खरं सांगू? सिनेमा कसा बघावा, हे त्या वरच्या लोकांनाच ठाऊक होतं. त्यांच्या चर्चमध्ये धर्मगुरू एक वाक्य बोलला की समोरचे लोक दोन बोलतात. इथेही तेच. नायक भलत्या दाराकडे निघाला की वरून हाक येई, “अरे, तिकडं नको जाऊस, बाबा!” त्या काळच्या सिनेमांत त्यांच्यासारखा चेहरा क्वचितच दिसे. एखादी काळी बाई हातात ताट घेऊन येई आणि ठेवून निघून जाई. तेवढ्यालाही वर टाळ्या पडत.

बाल्कनीच्या कठड्यावर कोपरं टेकून एक मुलगी नेहमी बसायची. तिचं नाव व्हर्लीन. तिला हॅटचं वेड होतं. पडद्यावरच्या बायकांचे चेहरे ती बघतच नसे. “आई, ती हॅट बघ, मागून सैल आहे. वाऱ्यानं उडणार!” असं ती ओरडे आणि पुढच्याच क्षणी हॅट उडे. मग आख्खी बाल्कनी हसे. तिची आई तिला चिमटा काढून गप्प करी. मला ती मुलगी फार आवडायची.

एका ईस्टरपासून तिची जागा रिकामी राहू लागली. पुढे कायदा बदलला, लोखंडी जिना काढून टाकला, सगळे लोक सगळीकडे बसू लागले. पण व्हर्लीन काही आली नाही. का आली नाही, ते मला कळलं नाही.

मग वाईट दिवस आले. थिएटरला कुलूप लागलं. छत गळून माझ्या डाव्या कोपऱ्यावर पाण्याचा डाग पडला, तो अजून आहे. कबुतरांनी माझ्यावर काय काय केलं, ते सांगत नाही. मला वाटलं, आता आपण चिंध्यांत जाणार.

पण एके दिवशी दार उघडलं आणि काही तरुण पोरंपोरी आत आली. सगळी काळी, हातात झाडू नि बादल्या. त्यांतला ओमारी नावाचा उंच मुलगा शिडीवर चढला आणि मऊ ब्रशनं माझी धूळ झाडू लागला. “हळू रे, तुझ्या आजीपेक्षा म्हातारा आहे तो,” असं खालून कुणीतरी म्हणालं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या मुलांनी ठरवलं होतं की दर वर्षी इथे आपल्या माणसांच्या सिनेमांचा महोत्सव भरवायचा आणि ज्यांनी नुकताच कॅमेरा हातात घेतलाय, त्यांना पहिला मान द्यायचा.

पहिल्या महोत्सवाची दुपार मी विसरणार नाही. पूर्वी कॅमेरे आणि दिवे गोऱ्या कातडीच्या हिशेबानं लावलेले असत. काळा माणूस चित्रात आला की नुसते दात नि डोळे उरत, असं बाल्कनीतले लोक कुरकुरत. आता मात्र समोरचे लोक एकमेकांना दाखवू लागले, “बघ, हा चेहरा गुळाच्या रंगाचा! आणि ही बघ, पिकल्या जांभळासारखी!” इतक्या वर्षांत इतके रंग माझ्या अंगावरून कधी गेलेच नव्हते. मी थरारून गेलो.

यंदा रेनीटा नावाच्या मुलीचा पहिला सिनेमा होता. हॅट बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईवरचा, छोटासाच. ही बाई रेनीटाच्या आईची मावशी. तिनंच रेनीटाला वाढवलं आणि सगळी वस्ती तिला मावशीच म्हणते. रेनीटाकडे भारी दिवे नव्हते. तिनं खिडकीतलं ऊन एका पांढऱ्या चादरीवर घेऊन मावशीच्या चेहऱ्यावर वळवलं. चादर म्हणजे माझीच भावकी, त्यामुळे मला जरा अभिमान वाटला.

सकाळी रिकाम्या हॉलमध्ये सिनेमा एकदा लावून बघताना ती ओमारीला म्हणत होती, “मावशीनं कधी थिएटरात पाऊल टाकलं नाही. म्हणते, मला सिनेमा आवडत नाही. आज ती आली नाही, तर कुणाला दाखवू रे मी हे?”

“येईल गं. आपण सगळ्या म्हाताऱ्यांना वर बाल्कनीत बसवणार आहोत. नव्या मखमली खुर्च्या, मधोमध तिची जागा. राणीसारखी बसेल!”

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो.

दुपारी चर्च सुटलं आणि म्हातारी मंडळी थेट थिएटरात आली. रविवारचे कपडे, बायकांच्या डोक्यावर एकापेक्षा एक हॅट. दारात ओमारी चर्चमधल्या स्वयंसेवकांसारखे पांढरे हातमोजे घालून उभा होता. सगळ्यांत पुढे एक वाकलेली बाई होती. तिच्या पांढऱ्या केसांवर एक लहानशी, उडालेल्या रंगाची पिवळी हॅट होती.

“या मावशी, तुमच्या जागा वर आहेत,” ओमारी अदबीनं म्हणाला.

सगळी रांग जागच्या जागी थांबली.

“कुठं म्हणालास?”

“वर, बाल्कनीत. तिथून फार छान दिसतं.”

“तिथून कसं दिसतं, ते तू मला सांगतोस?” म्हातारीनं मान वर करून कठड्याकडे पाहिलं आणि मी तिला ओळखलं. ती व्हर्लीन होती.

रेनीटा धावत आली. “मावशी, काय झालं? मीच सांगितलं होतं. तुझा मान म्हणून.”

“मान!” मावशी कोरडं हसली. “पोरी, गल्लीत लोखंडी जिना होता. आमच्यासाठी तोच. ही हॅट मी माझ्या हातानं केली, पहिलीच. ईस्टरला घालून आले आणि म्हटलं, आज एवढी नटलेय, आज पुढच्या दारानं जाते. तिकिटवाल्यानं तोंडही उघडलं नाही. नुसतं बोट केलं, गल्लीकडं. मी तशीच घरी गेले.”

“पण तू तर म्हणायचीस, तुला सिनेमा आवडत नाही!”

“मग काय सांगायचं होतं, दोन वेण्यांच्या पोरीला? तू सिनेमा बघून नाचत घरी यायचीस. त्यात मी कशाला मिठाचा खडा टाकू?”

त्यांच्यातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांनी हेच केलं होतं. पोरांच्या मनावर ओझं नको म्हणून दुखलेलं गिळून टाकलं आणि पोरांनी निरागसपणे त्यांना पुन्हा त्याच जागेवर नेऊन बसवायचं ठरवलं. ओमारीनं हातमोजे काढून खिशात कोंबले. कुठे बघावं, तेच त्याला कळेना.

“चल, घरी जाऊ,” रेनीटा रडत म्हणाली. “मला नाही दाखवायचा सिनेमा.”

“गप गं. या हॅटनं इतकी वर्षं वाट बघितली आणि आता दारातून परत नेऊ हिला?” मावशी मधल्या वाटेनं सरळ चालत आली. “मी इथं बसणार. मधोमध.”

“आणि वरच्या खुर्च्या?” ओमारीनं चाचरत विचारलं.

“वर तुम्ही जा. तरणे आहात. बघून या, कसं दिसतं ते.”

म्हातारी मंडळी खदखदून हसली आणि खाली पसरून बसली. सगळी पोरं मुकाट्यानं बाल्कनीत गेली. रेनीटा कठड्याशी जाऊन बसली आणि तिनं कोपरं टेकली. तीच जागा, मित्रांनो! मला भरून आलं.

वरच्या यंत्रखोलीचं काम अजून चालू होतं, म्हणून सिनेमाचं यंत्र हॉलमध्येच एका घडवंचीवर ठेवलं होतं. मावशी नेमकी त्याच्या पुढ्यात बसलेली. उजेड सुटला आणि तिच्या हॅटची सावली थेट माझ्यावर पडली.

“अरे, त्यांना हॅट काढायला सांग की,” मागून कुणीतरी कुजबुजलं.

“तूच सांग जा. मला अजून जगायचंय.”

सिनेमा सुरू झाला. समोरच्या एकेका चेहऱ्यावर मला उजेड चढताना दिसला. “हो, हो, हॅटला अशीच वाफ देतात!” “सांग त्यांना, व्हर्लीन!” अशा हाका उठू लागल्या. माझ्या भोकांतून रेनीटाचा आवाज गेला, “मावशी, फळीवरची ती पिवळी हॅट कुणाची?” आणि मावशीचं उत्तर, “ती विकायची नाही. पुढं चल.” सकाळी याच वाक्याला रेनीटा हसली होती. आता कुणीही हसलं नाही.

 चित्रातली मावशी कामावर वाकलेली असावी. खुर्चीतली मावशी तिच्याकडे टक लावून बघत होती. मग ती अगदी हळू म्हणाली, “मान वर कर, बाई.”

चित्रातल्या मावशीनं त्याच क्षणी मान वर केली असावी. कारण खिडकीतलं ते सगळं ऊन एकदम माझ्या अंगावर पसरलं आणि त्यात खाली मधोमध हॅटच्या सावलीचा थंड ठिपका राहिला. हॉल चिडीचूप झाला. असं काय झालं, ते मला कळेना. इतक्यात बाल्कनीतून रेनीटा ओरडली,

“बसली! मावशी, हॅटची सावली तुझ्याच डोक्यावर बसली, बरोबर बसली!”

“बसणारच!” मावशी मागे न वळता म्हणाली. “मापानं केलीय मी ती.”

मग जो काही गलका झाला! लोक उभे राहिले, कुणी रडत होतं, कुणी पाय आपटत होतं. मी इतकी वर्षं लोकांचे चेहरे वाचतो आहे, पण व्हर्लीनचा तेव्हाचा चेहरा मला पुरता वाचता आला नाही. मी नुसता बघत राहिलो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवरची धूळ मऊ फडक्यानं झाडत जा, एवढीच माझी विनंती आहे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मानाची जागा देण्याआधी त्यांना एकदा विचारा, तुम्हाला कुठं बसायला आवडेल? पुढच्या वर्षी यंत्र पुन्हा वरच्या खोलीत जाणार आहे. मग माझ्यावर कुणाचीच सावली पडणार नाही, सगळं चित्र स्वच्छ दिसेल, असं ओमारी म्हणतो. त्याचं बरोबरच आहे. पण यंत्र हलवण्याआधी रेनीटानं त्याला एक दिवस थांबायला सांगितलं आहे. मावशीला तिचा सिनेमा पुन्हा बघायचा आहे, हॅट घालूनच.